हार घातलेला रणजित

स्वतः लावलेल्या फ्लेक्सकडे रणजितने कधी धड पाहिलं नाही. फ्लेक्स चढला की तो त्याच्याकडे पाठ करून समोरच्या चहाच्या गाड्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायचा. कुणी थबकलं, कपाळाला आठी पडली, की मला कोपरानं ढोसायचा. "बघ गड्या, लागलं."

लोणंदजवळ त्याचा बिअरचा छोटा कारखाना होता आणि मी तिथं सुरुवातीपासून कामाला. बंगळुरात शिकून आलेला हा कवठे महांकाळकडचा गडी बिअर झकास करायचा, पण दारूच्या जाहिरातीला बंदी. मग लोकांनीच बोंब मारावी अशी व्यवस्था तो करायचा. "शिव्या दिल्या तरी चालतंय, पर नाव घिऊन द्याव्यात," हे त्याचं धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान. एका बैलगाडा शर्यतीत शेवटी आलेल्या बैलांच्या मालकाला त्यानं बाटल्यांचं खोकं बक्षीस दिलं. मालकानं चिडून भर मैदानात बाटल्या फोडल्या, तो व्हिडिओ गावोगाव फिरला आणि आमचा माल संपला. रणजित दिवसभर शीळ घालत हिंडत होता. असा लोभस आगाऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यानं साताऱ्यात तो फ्लेक्स लावला. वर त्याचा स्वतःचा हार घातलेला फोटो, खाली ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत 'बेचव बिअरला'. लोक भडकले. मरणाची थट्टा करतो म्हणून कारखान्याच्या फाटकावर मोर्चा आला, पेपरात छापून आलं. रणजित खूश. पण कुणीतरी फ्लेक्सचा फोटो काढताना तळाची ओळ कापली आणि तो फोटो फिरत फिरत त्याच्या गावी पोचला.

गावात त्याची आई एकटी राहायची. वडील फौजेत होते, ते केव्हाच गेले. मुलाचा कारखाना सरबताचा आहे, एवढंच तिला ठाऊक. चुलत्याचा फोन आला तेव्हा मागून बायकांचा आकांत ऐकू येत होता. रणजित काही सांगायच्या आत फोन कटला, परत लागेना. आम्ही तसेच गाडीत बसलो.

अंगण बायकांनी भरलं होतं. आईचा आवाज पार बसला होता. रणजितला दारात बघताच ती उठली, त्याचं तोंड, खांदे, हात चाचपून पाहिले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "डोस्क्याला कावळा शिवला व्हता व्हय रं?"

आमच्याकडे अजून मानतात, माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर ते मरणाचं लक्षण. ते टळावं म्हणून जवळच्यांना तो गेल्याचा खोटा निरोप धाडायचा. ती माणसं ते खरं समजून रडली की त्याचं आयुष्य वाढतं.

रणजितनं माझ्याकडे पाहिलं. बिअर खपवायला हे केलं, असं त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगणार? "व्हय आई," तो म्हणाला. "शिवला व्हता."

"मग बरं केलंस. आधी सांगितलं असतंस तर एवढं रडू आलं नसतं," ती म्हणाली. आणि बायकांकडे वळून, हसून म्हणाली, "जावा गं आता घरी. माझ्या लेकाचं आयुष्य वाढलं."

परतताना तासगावच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली आणि स्टीअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. "तिच्या रडण्यावर बाटल्या इकल्या गड्या मी," एवढंच म्हणाला. साताऱ्यात पोचताच त्यानं तो फ्लेक्स स्वतः फाडून काढला. त्यानंतर त्यानं कुठलाही तमाशा केला नाही. खप उतरला तरी नाही. दर रविवारी मात्र गावी जाऊ लागला.

गेल्या हिवाळ्यात, सकाळी कारखान्यात बोलता बोलता त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय पंचेचाळीससुद्धा नव्हतं. मला अजून पटत नाही.

त्याला गावी घेऊन रुग्णवाहिका मागून येत होती. आईला आधी कुणीतरी सांगायला हवं म्हणून मी पुढं गेलो. ती उंबऱ्याशी मटकी निवडत बसली होती.

"मावशी, आवं, रणजित गेला," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "परत शिवला?"

तिनं सूप बाजूला सारलं, पदर नीट खोचला आणि भिंतीला टेकून मोठ्यानं रडायला लागली. त्याच्या लहानपणापासूनचं एकेक आठवून, नाव घेऊन रडली. गल्लीतली माणसं गोळा झाली. तो खरंच गेल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. ती माणसंही रडत होती. मावशीला थांबवायचं कुणाला धाडस झालं नाही.

घसा बसला तेव्हा ती थांबली. पदरानं तोंड स्वच्छ पुसलं आणि मला जवळ बोलावलं.

"एवढं बास हुईल न्हवं? आता लाव त्याला फोन. म्हणावं, आईनं ह्या खेपंला बी काय कमी ठिवलं न्हाई."

रुग्णवाहिका तेव्हा गल्लीत वळत होती.