शॉर्टमास्तर

समोरचा बोलायचा थांबला, की रावजी मास्तर कानामागे हात धरून विचारत, "पुढं?" भाजीवाली असो, नाही तर भर रस्त्यात गाठणारा एखादा चिकट पावणा, त्याचं रामायण संपेपर्यंत मास्तर उन्हात उभे. आणि या माणसाचं गावभर झालेलं नाव काय, तर शॉर्टमास्तर!

ते नाव आम्हीच पाडलं होतं. महाराजांच्या कारकिर्दीत खेड्यापाड्यांतली पोरं कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकू लागली होती, त्यांतलाच मी एक. मास्तर इंग्रजी शिकवत. 'शॉर्ट' या एका शब्दावर ते अख्खा तास घेत. सदरा आखूड झाला तर शॉर्ट, माणूस ठेंगणा तर शॉर्ट, माप कमी भरलं तरी शॉर्ट, धाप लागली तरी शॉर्टच. "येवढासा शबुद, पर गड्यागत राबतोय की!" असं म्हणून ते खूश होत. कुणी पाल्हाळ लावलं, की टेबलावर थाप पडे, "शॉर्ट!"

मग प्लेग आला. घराघरांत उंदीर पडू लागले तसे लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले. मास्तरही बायकोला घेऊन गेले. एका सकाळी ते परीक्षा घ्यायला मुरगूडला निघाले होते. बैलगाडी दारात उभी होती. बाई म्हणाल्या, "आवं, काल सांजेपासनं मला..."

"शॉर्ट!" मास्तर गाडीत चढता चढता म्हणाले.

बाई हसल्या. "बरं, आल्यावर सांगते."

मास्तर परतले, तेव्हा बाईंची राखही सावडून झाली होती.

हे त्यांनी मला पुढे बऱ्याच वर्षांनी, रंकाळ्याच्या काठावर सांगितलं. "तापाचं सांगत हुती, का लोणचं खावंसं वाटतंय म्हणत हुती, कुणास ठावं. पर ताप म्हणली असती, तर मी थांबलो असतो की रं!" मला त्यांच्याकडे बघवेना.

प्लेगनंतरही 'शॉर्ट'चा तास ते घेत, पण टेबलावर थाप पुन्हा कधी पडली नाही. कुणाचं बोलणं मधेच तोडलं तरी इंग्रजीत 'कट शॉर्ट' असा हाच शब्द वापरतात, हे त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नाही. ते मला दुसऱ्या मास्तरांकडून कळलं.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होतो. खोलीत कुणीच बोलत नव्हतं. मास्तरांनी डोळे उघडले, रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि हात कानामागे नेला.

"पुढं?"

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग तो हात मलाच खाली घ्यावा लागला.