रसायन आणि एकवीस दिवस

रसायनला गप्प बसता येत असे. ऐकायला हे साधं वाटतं, पण सिंगापुरात क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोन वर्षं एकत्र काढली आणि तेवढ्या काळात मला काही ते जमलं नाही. तो सांगलीचा, विद्यापीठात पॉलिमरवर संशोधन करायचा. त्यातून वल्ली, त्यामुळे रसायन हे नाव त्याला आपोआप चिकटलं. मी पुण्याचा, इतिहासाचा. युद्ध संपवायला जपानवर अणुबॉम्ब टाकायचं कसं ठरलं, हा माझा विषय. त्यातही वाळवंटातली चाचणी यशस्वी झाल्यापासून हिरोशिमावर बॉम्ब पडेपर्यंतचे एकवीस दिवस. एवढा भयंकर निर्णय फार घाईनं घेतला गेला, असं माझं म्हणणं होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी ते त्याला इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्या तारखा त्यालाही पाठ झाल्या होत्या.

सकाळी आम्ही खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चहाला जायचो. हा प्राणी तिथेही चहा बशीत ओतून भुरके मारत प्यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि मुकाट्यानं आपली कॉफी बशीत ओतली. इथली जुनी माणसंही अशीच प्यायची म्हणे. दुसऱ्या दिवसापासून दोघं एका टेबलावर. इथे सगळेच म्हातारे अंकल असतात, तसे हेही अंकल. आयुष्यभर टॅक्सी चालवलेली, इंग्रजी कामापुरतं. जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, आणि युद्ध संपलं तेव्हा बारा.

माझी तर लाळच गळाली. आमच्या मार्गदर्शक बाईंनी नुकतंच बजावलं होतं, की कागद पुरे झाले, त्या काळात इथे जगलेला एक तरी माणूस आण, नाहीतर पुढच्या वर्षीचा करार विसर. मी संमतीचा फॉर्म, रेकॉर्डर आणि तीस प्रश्न घेऊन अंकलसमोर बसलो. ते म्हणाले, फार जुनी गोष्ट, विसरलो, आणि नूडल्स खात राहिले. रसायनला मात्र ते सगळं सांगत. युद्धात भाताऐवजी रोज टॅपिओकाचे कंद खाऊन आलेला कंटाळा सांगत, जपान्यांनी तुरुंगात टाकलेल्या वडिलांबद्दल सांगत. वडील तिथेच वारले, एवढं मला रसायनकडून कळलं. इतिहासाची डॉक्टरेट माझी आणि इतिहास कानात पडायचा या प्लास्टिकवाल्याच्या. मी त्याच्यावर जळत होतो, हे आज सरळ कबूल करतो. त्याची बशी दिसली तरी माझं डोकं उठायचं.

एकदा न राहवून मी त्याला विचारलं, की त्याच्याशीच अंकल एवढं का बोलतात. तो हसला.

“तू विचारतोस लेका. विचारलं की माणूस उत्तर देतो, सांगत नाही.”

वर आणखी म्हणाला, “एक कर. अंकलसमोर तुझे ते एकवीस दिवस काढू नकोस.”

का, ते सांगेना. नको म्हणतो ना, एवढंच. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, माझ्याकडची एकमेव पुंजी उघडली तर याचं महत्त्व कमी होईल. म्हातारा याला एकट्याला हवा आहे.

पुढच्याच आठवड्यात तो लवकर प्रयोगशाळेत गेला आणि मी संधी साधली. अंकलसमोर एकटा जाऊन बसलो. आज विचारायचं नाही, सांगायचं, असं ठरवलं होतं. म्हटलं, बॉम्ब चालतो हे कळल्यावर एकवीस दिवसांत तो टाकला. फार घाई केली.

अंकलनी बशी खाली ठेवली.

“एकवीस दिवस? रेडी होता, तरी?”

मी चाचणीची तारीख सांगितली. ते बोटांवर मोजू लागले. एक हात संपला, दुसरा संपला, मग पुन्हा पहिल्या हाताचा अंगठा धरून ते थांबले. म्हणाले, “या दिवशी माझे वडील गेले.”

अकरावा दिवस. बॉम्ब तयार झाला त्याच दिवशी टाकला, अशी त्यांची आजवर समजूत होती. वडील त्याच्या आधीच गेलेले, नशीब, असं म्हणून त्यांनी मनाला समजावलं होतं. मी घाईघाईनं हवामान, वाहतूक, सुटे भाग असलं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

“त्याच कोठडीतला आमचा शेजारी युद्ध संपल्यावर घरी परत आला. त्याचा मुलगा माझा मित्र. वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. व्हेरी जेलस,” ते म्हणाले. मग हळू आवाजात, “त्या बॉम्बखाली मुलं होती, आय नो. तरी आता मनात आलं, रेडी झाला त्याच दिवशी टाकायला हवा होता. या वयात हे कशाला मनात आणलंस?”

रेकॉर्डर चालू होता. संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि रसायनला सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त गॅस बंद केला. मीच चिडलो, वडील गेल्याची तारीख तुला माहीत होती तर मला सांगितलं का नाहीस म्हणून.

“सांगितलं असतं तर तू त्यांना विचारलं असतंस,” तो म्हणाला. ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

त्या वर्षाअखेर तो सांगलीला परत गेला. निरोपाला अंकल आमच्या इमारतीखाली आले, त्याचा हात बराच वेळ धरून उभे राहिले, आणि मी बॅगा टॅक्सीत भरत होतो. माझा करार एका वर्षानं वाढला, तोही कसाबसा. लेखातला ‘घाई’ हा शब्द मी काढला. त्या जागी दुसरा शब्द मात्र अजून सापडलेला नाही.

आता मी अंकलसमोर बसतो. काही विचारत नाही, बशीतही पितो. तरी ते रोज न चुकता विचारतात, “युअर फ्रेंड, व्हेन कमिंग बॅक?”

अजून पोटात दुखतंच. मी म्हणतो, लवकर, अंकल. मग आम्ही दोघंही गप्प बसतो.