डिग्री लागली न्हाई

दहा मार्च. सकाळी डेअरीतले कॅन विसळत होते. पाण्याचा टँकर रोज येत नसे, म्हणून एका कॅनमधलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि शेवटी दारातल्या लिंबाला.

उमापूरकडच्या आमच्या गावात बायकांची दूध सोसायटी होती आणि दूध तपासायचं काम माझ्याकडे. तिथलं इंग्रजी सगळ्यांना येई. शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्याही ‘सॅम्पल घे’, ‘फॅट किती लागली’, ‘रिटर्न करू नको’ असंच बोलत. दुधात सोडलेली काचेची नळी खोल बुडाली, म्हणजे दूध पातळ निघालं, तर मी म्हणे, “डिग्री लागली न्हाई.” पाण्याचं नाव रांगेत काढायचं नाही, हा रिवाज. बोल नळीवर जाई, बाईवर नाही. ती दूध घरी नेई आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं परत येई.

त्या सकाळी शेजारची सून आली. नवरा ऊसतोडीला गेलेला. घरात ती, सासू आणि एक म्हैस. नळी खोल गेली. दूध न्यायची गाडी येऊन उभी होती, मला घाई होती.

“अगं, पाणी कावून घातलं?”

रांगेत मागून आवाज आला, “पाणी लई झालं आसंल तर आमच्या हंड्यात वत की.” बायका हसल्या.

“टँकरचं पाणी डोक्यावर आणून दुधात घालायला मी येडी हाय का, काकू?” मला एवढं बोलून तिनं किटली झाकली आणि ती गेली. संध्याकाळी आली नाही. सासू भेटली तेव्हा म्हणाली, “सून म्हणती, आता डेअरीचं नाव काढू नका.”

मला जेवण गेलं नाही. दुष्काळातल्या चारा छावणीतून आणलेला नुसता ऊस खाऊन जनावरांचं दूध पातळ पडतंय, हे मला ठाऊक होतं. माझी म्हैसही तोच ऊस खाई. फक्त माझं दूध मी रांग लागायच्या आधीच, नळी न सोडता, कॅनमध्ये ओतत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेले. “किटली घे, चल.” ती आली. रांग लागल्यावर मी आधी माझ्या दुधात नळी सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझं रिटर्न. डिग्री लागली न्हाई.” मग तिच्या दुधात सोडली. तिचीही लागली नाही. तेच शब्द म्हणाले, दोन्ही किटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि पुढच्या बाईचं दूध घेतलं.