परकारचाचांचे बारा हजार सहाशे बेचाळीस दिवस

परकारचाचांना कुणी वय विचारलं तर ते दिवसांत सांगत. तेही जन्मापासूनचे नव्हेत, दुबईत उतरल्यापासूनचे. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "सात हजार तीनशे अकरा." मला वाटलं, माझ्या कॉटचं भाडं सांगतायत. मी घाम पुसला आणि सांगलीला परत जायचं विमान कधी आहे याची मनातल्या मनात चौकशी सुरू केली.

दुबईच्या देरा भागातल्या त्या खोलीत आम्ही आठजण राहत होतो. खोली एवढी लहान की कूस बदलायची तर आधी सात जणांची संमती घ्यावी लागे, आणि झुरळं तर पाळ्या लावून येत. चाचा खिडकीखालच्या कॉटवर बसून माझी उलटतपासणी घेत होते.

"सांगलीकर, विमान किती वाजता टेकलं?"

"दुपारी दोनला."

"मग आजचा दिवस धरायचा नाय. उद्यापासून एक."

"का? अर्धा दिवस तर मिळाला की!"

"फाटकं पोतं मी मोजणीत घेत नाय," चाचा म्हणाले, आणि माझा अर्धा दिवस कायमचा गेला.

अब्दुल गफूर परकार, मुक्काम रत्नागिरीजवळची एक खाडी, पेशा देराच्या धक्क्यावर टॅली क्लार्क. म्हणजे लाकडी गलबतांवर चढणारा माल मोजायचा: टायर, फ्रिज, कांद्याची पोती, डायपरचे खोके. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एकदा एका नाखव्याने चार हजार खोक्यांत एक कमी असल्याचं मान्य करायला नकार दिला. चाचांनी भर ऑगस्टच्या उन्हात अख्खं गलबत रिकामं करायला लावलं. नाखवा रडला, खलाशी रडले, म्हणतात की खाडीचं पाणी त्या दिवशी वीतभर वाढलं. शेवटी तो एक खोका सापडला. गलबतावरचा आचारी, म्हणजे भंडारी, त्याच्यावर बसून मासळी साफ करत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण मला सांगणाऱ्या तिघांपैकी दोघांवर माझे काहीही उपकार नव्हते, म्हणजे ते खोटं कशाला बोलतील?

आता या देशात एक गंमत आहे. माणूस इथे वीस वर्षं राहो की चाळीस, व्हिसा दर दोन-तीन वर्षांनी नवा करायचा, आणि नोकरी संपली की सामान बांधायचं. किती वर्षं झाली म्हणजे आपण कायमचे, हा प्रश्नच इथे कुणी विचारत नाही. विचारणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या खोलीत खिडकीखालच्या कॉटवर झोपत असे.

दर नूतनीकरणाला चाचा टायपिंग सेंटरमध्ये जाऊन एक जादा अर्ज टाइप करून घेत. टायपिंगवाला मल्याळी होता. त्याला तो अर्ज इतका पाठ झाला होता की चाचा दारात दिसले की तो फक्त आकडा विचारायचा. अर्जात एवढंच: मी इथे प्रत्यक्ष इतके दिवस राहून काम केलं आहे. कायमच्या वास्तव्यासाठी किती दिवस लागतात ते कळवावं, म्हणजे मला तारीख काढता येईल.

पहिल्यांदा मी सोबत गेलो तेव्हा व्हिसा ऑफिसच्या काउंटरवरचा अधिकारी हसून हिंदीत म्हणाला, "चाचा, ऐसा कोई फॉर्म ही नहीं है."

"फॉर्म कौन मांगता है? मुद्दत बोलो."

"मुद्दत भी नहीं है."

"कुछ तो होगी. पंधरा हजार? बीस हजार? बोलो, मैं भर देता हूं."

मागे रांगेत चाळीस माणसं खोळंबली होती. अधिकाऱ्याने चहा मागवला. चाचांनी चहा घेतला, अर्ज तिथेच ठेवला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "नाय म्हणाला नाय तो. मुदत नाय म्हणाला. दोन्हीत फरक हाय."

हिशेबात मात्र हा माणूस स्वतःला सवलत देत नसे. गावी सुट्टीवर गेलेले दिवस वजा. जायचा दिवस वजा, यायचा दिवस वजा. करोनात विमानं बंद झाली आणि चाचा पाच महिने गावी अडकले, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की हे दिवस धरा, यात तुमचा काय दोष? चाचा म्हणाले, "माल कुणाच्या दोषानं खाली पडला हे मी लिहीत नाय. गलबतावर हाय का नाय, तेवढं लिहितो." आणि पाच महिने एका रेघेत उडवले. मी असतो तर उलट दोन महिने वाढवून घेतले असते.

त्यांचा मुलगा इम्तियाज कॉम्प्युटर इंजिनिअर. दुबईत आला, मोठ्या पगारावर चढला आणि आठ वर्षांत त्याला दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळाला. चाचांनी त्या दिवशी धक्क्यावर इतका हलवा वाटला की तीन गलबतं तोल जाऊन कलली. इम्तियाजने सिलिकॉन ओएसिसमध्ये मोठा फ्लॅट घेतला, आईला आपल्या व्हिसावर आणलं, आणि चाचाही आमची खोली सोडून तिकडे राहायला गेले. नोकरी धक्क्यावरच, व्हिसा कंपनीचा. घरी चाची, सून आणि नात झोया. नात मराठी समजायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची.

मग धक्क्यावर स्कॅनर आला. कंपनीने चाचांना शाल दिली, ग्रॅच्युइटी दिली आणि व्हिसा रद्द केला. वय बासष्ट. मोजणी बारा हजार सहाशे बेचाळीस. हातात महिनाभराची मुदत. तेवढ्यात दुसरा व्हिसा झाला नाही, तर चाची आणि झोया इथे, आणि चाचा खाडीकाठच्या रिकाम्या घरात एकटे.

इम्तियाज म्हणाला, "अब्बा, टेन्शन कशाला? मी स्पॉन्सर करतो. माझ्या व्हिसावर या. दहा वर्षं काळजी खलास."

त्याने फॉर्म पुढे केला. मी त्या शुक्रवारी तिथे बिर्याणीला गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं तोंडात घास धरून पाहिलं. चाचांनी चष्मा चढवला, फॉर्म वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"डिपेंडंट. म्हणजे अवलंबून असलेला. नुसता शब्द आहे, अब्बा."

"तुझी फी कुणी भरली?"

"तुम्ही."

"हे शहर बांधायला लागलेले निम्मे नळ आन् फरश्या कुणी मोजून उतरवल्या?"

निम्मे जरा जास्त होते, पण हा विषय काढायची वेळ नव्हती.

"तुम्हीच, अब्बा."

"मग कोण कुणावर अवलंबून? तुला आठ वर्षांत सोनं, आन् माझे साडेबारा हजार दिवस बापाच्या नात्यानं माफ? मी सही करणार नाय."

झोया म्हणाली, "दादाजी, इट्स जस्ट अ फॉर्म."

चाची स्वयंपाकघरातून कडाडल्या, "मी दोन वर्षं मुलाच्या नावावर हाय. मला काय काटे टोचतात? तुमची अक्कड घेऊन गावी जा, आणि नारळ मोजत बसा!"

"जाईन. पण हा रकाना भरणार नाय."

बिर्याणी थंड झाली. माझी नाही, बाकीच्यांची.

मी दुसऱ्या दिवसापासून नियम चाळायला लागलो. निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा निघतो असं कळलं. वय पंचावन्न, पंधरा वर्षांची नोकरी: चाचा या दोन अटी झोपेत पूर्ण करत. तिसरी अट दहा लाख दिरहम शिल्लक, म्हणजे सुमारे अडीच कोटी रुपये. चाचा म्हणाले, "हे त्यांना कायमचं करतात ज्यांना कायमचं व्हायची गरज नाय."

एकवीस दिवस गेले. इम्तियाजने परत दोनदा विचारलं, चाचांनी दोनदा नकार दिला. चाची घरात बोलेनाशा झाल्या, आणि त्या बोलत नसल्या की फ्लॅटमधला एसी बंद पडल्यासारखं वाटे. मग मी थट्टेत बोलून गेलो, "चाचा, इथे फ्री झोनमध्ये कुणालाही स्वतःच्या नावावर कंपनी काढता येते. एक टेबल भाड्याने घ्या, मालक व्हा. मालकाला दोन वर्षांचा व्हिसा मिळतो."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे सरकवली.

"आधी का नाय बोललास?"

ग्रॅच्युइटीतली चांगली जाड गड्डी तिकडे गेली. इम्तियाजने डोकं धरलं. लायसन्सच्या ऑफिसातली मुलगी विचारत होती, "सर, बिझनेस काय?" "मालाची मोजणी." "स्टाफ किती?" "एक." "मॅनेजर कोण?" "मी." "आणि तो स्टाफ?" "तोही मीच. फार कामाचा माणूस हाय." मुदतीला दोन दिवस बाकी असताना व्हिसा लागला. चाचांनी तो घरी आणून चाचींपुढे ठेवला आणि म्हणाले, "आता मी मालक. तुला मुलाच्या नावावरून काढून माझ्या नावावर घेतो."

चाचींनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "किती वर्षांचं?"

"दोन."

"माझं दहाचं हाय. मी कुठं येत नाय."

पण त्या बोलल्या, आणि रात्री पापलेट तळलं.

कंपनी चालेल असं कुणालाही वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण स्कॅनरला भिजलेलं लेबल वाचता येत नाही, आणि धक्क्यावर लेबल भिजणारच. मालवाले आणि नाखवे भांडायला लागले की दोन्हीकडून फोन परकारचाचांना. पूर्वी ज्या मोजणीचा पगार होता, तिचं आता बिल जाऊ लागलं. त्यातून लायसन्सची फी निघायची आणि झोयाच्या आइस्क्रीमला उरायचं.

परवा कंपनीचा व्हिसा नवा करायचा होता. मी सोबत गेलो. चाचा चौसष्टचे, गुडघा थोडा कुरकुरतो, पण इस्त्रीचा सदरा, आणि खिशात टाइप केलेला अर्ज. काउंटरला एक तरुण इमिराती मुलगी होती. तिने कंपनीची कागदपत्रं तपासली, शिक्का मारला, आणि मग खाली राहिलेला तो जादा कागद उचलून सगळा वाचला. आजवर कुणी तो कागद शेवटपर्यंत वाचलेला मी तरी पाहिला नव्हता.

"तेरह हज़ार तीन सौ बयालीस," ती म्हणाली. "चाचा, मैं तो इतने दिन की हुई भी नहीं."

"तो आपसे पहले आया हूं ना मैं."

ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "फॉर्म अभी भी नहीं है, चाचा."

"मालूम है." चाचांनी अर्ज तिच्याकडे सरकवला. "छपवाके रखो. दो साल बाद आता हूं."

"इन्शाल्ला," ती म्हणाली.

"इन्शाल्ला मेरे आने के लिए बोलो, बेटी," परकारचाचा म्हणाले. "छापना तो आपके हाथ में है."