दोन माणसांचा तंबू

सुनंदाचा फोन सकाळी पावणेसातला आला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मी चँडलरमधल्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा अॅम्ब्युलन्सची माणसं सामान आवरत होती. प्रमोद झोपेतच गेला होता. वय सेहेचाळीस. त्याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून मी रात्री जागा होतो आणि आकडे मोजत पडून राहतो…

आम्ही दोघं नागपूरचे, ओळख मात्र इथली, अमेरिकेतली. तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. मी पूर्वी एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून तो मला शेवटपर्यंत 'पत्रकार'च म्हणत असे. शिकारीचा नाद त्याला कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी लावला, आणि त्याने मला. एल्क हे सांबराहून मोठं हरीण. त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत मिळतो. त्र्याण्णव साली आमचा दोघांचा जोडअर्ज निघाला.

पुढचे काही महिने प्रमोद फक्त तंबूबद्दल बोलत होता. गाडी जाते तिथवर कॅनव्हासचा मोठा तंबू आणि लोखंडी शेगडी नेता येते, पण एल्क रस्त्याजवळ थांबत नाही. पुढे चार मैल पाठीवर ओझं घेऊन चालायचं होतं. म्हणून प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढली. सुनंदाने दिलेली सोलापुरी चादर त्याने तोलून परत केली. "सुती आहे. दवाने भिजली की वाळणार नाही." शेवटी दोन माणसांचा एकच नायलॉनचा तंबू ठरला. काठ्या त्याच्या पाठीवर, कापड माझ्या. जागाही त्यानेच निवडली. दरीच्या तळाशी नको, तिथे थंड हवा साचते. वठलेल्या झाडाखाली नको. अंगाखाली फोमची पट्टी हवीच, कारण थंडी जमिनीतून येते.

शिकारीच्या त्या चार रात्री मी झोपलो नाही. प्रमोद पाठ टेकताच घोरू लागे. मग घोरणं एकदम थांबे… मी मोजत असे. एकदा बावीसपर्यंत गेलो. मग बुडता माणूस वर यावा तसा तो श्वास ओढी, आणि पुन्हा घोरणं सुरू.

सकाळी मी त्याला सांगितलं. "अबे पत्रकार, मोजत काय बसतो? एक लाथ घालायची," तो म्हणाला.

परतल्यावर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी त्याच्या घोरण्याची नक्कल केली. थांबण्याची केली नाही. शांततेला कोणी हसत नाही. "नशीबवान आहेत, पडले की झोप," सुनंदा म्हणाली. ती केव्हापासूनच मुलीच्या खोलीत झोपत होती. आपल्याकडे घोरणाऱ्याची थट्टा होते, थोडा हेवाही होतो. त्याला डॉक्टरकडे कोणी नेत नाही.

दोन वर्षांनी पुन्हा परवाना मिळाला. या वेळी मी दोन स्वतंत्र तंबू सुचवले.

"दोन पौंड वाढतात बे. आणि शेजारी माणूस असला की ऊब राहते."

"मला झोप हवी."

त्याने तंबू काट्यावरून खाली घेतला. "बरं. मग लांब टाक. जवळ टाकून उपयोग नाही."

मी साठ पावलं दूर टाकला आणि चारही रात्री गाढ झोपलो. तिसऱ्या दिवशी भर सकाळी एल्क समोरून गेलं, तेव्हा प्रमोद झाडाला टेकून झोपला होता. त्यावरही आम्ही हसलो.

तो गेल्यावर डॉक्टरांनी सुनंदाला विचारलं होतं, झोपेत श्वास थांबायचा का? तिला माहीत नव्हतं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर तिने मला गॅरेजमध्ये नेलं. "भाऊजी, तुम्ही त्यांच्या शेजारी झोपलात. काही जाणवलं होतं का?"

"घोरायचा," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि फडताळातला जुना तंबू काढून माझ्या हातात दिला. "तुमच्याकडेच राहू द्या."

हा मजकूर छापायला जाण्याआधी मी तिला बोलावलं आहे. बावीस हा आकडा तिने माझ्या तोंडून ऐकावा, पेपरात वाचू नये. ती चार वाजता येईल. तंबू मागच्या अंगणात उभारून ठेवला आहे. आत फोमच्या दोन पट्ट्या अंथरल्या, डावी त्याची, उजवी माझी. मधे वीतभर जागा उरते.