सासूच्या कमरेचे घुंगरू

हॉस्की बिलगोडीचं काम सांगायला सोपं होतं. बसायचं आणि आभाळाकडं बघायचं. घळीच्या वरच्या अंगाला, लाल खडकावर आपला जुना ट्रक लावून तो सकाळपासून पठाराकडं तोंड करून बसे. खाली त्याची मुलगी डेलोरा, लांबलांबून मोटारीनं फिरत आलेल्या पाहुण्यांना घळीत न्यायची. घळ म्हणजे खडकाला गेलेला तडाच. समोरून कुणी आलं की एकानं पोट आत ओढायचं. तिथं डोक्यावर लख्ख ऊन असतं, आणि पंधरा कोसांवर पडलेला पाऊस पाठीमागून येऊन मेंढरू, झाड, माणूस, काही न विचारता घेऊन जातो. म्हणून हॉस्की. त्यानं वॉकी-टॉकीवर "काढ बाहेर" म्हटलं, की डेलोरा फोटो काढणाऱ्यांच्या बखोटीला धरून त्यांना बाहेर आणायची.

"बसून खायचं काम," त्याचा मेहुणा कीदा म्हणायचा. "दाजी, मलाही असलंच बघा की कुठं."

"तुझं लक्ष ढगापेक्षा भाकरीवर. निम्मी माणसं वाहून जातील."

आता हॉस्कीच्या सासूचं सांगायला हवं. ही माणसं नवाहो आदिवासी. त्यांच्यात जुनी रीत आहे, जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही, सासूनं जावयाचं नाही. बघितलं तर डोळे जातात. बोलायचंही नाही. म्हणून म्हातारी कमरेला बारके घुंगरू बांधून असायची. ते वाजले की हॉस्की ताट उचलून मागच्या दारानं बाहेर. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाची निम्मी जेवणं अंगणात झाली. बायको अस्बा म्हणायची, "माझा नवरा आहे की आमचा कुत्रा, तेच कळत नाही."

वीस वर्षांपूर्वी म्हातारी एका कोकराच्या मागं घळीत उतरली आणि वरून पाणी आलं. जवळ हॉस्कीशिवाय कुणी नव्हतं. त्यानं दोर सोडला, तिला ओढून वर घेतलं. डोळे मिटून माणूस वर ओढता येत नाही. काठावर तिचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर. त्यानं बघितलं. चिखलानं माखलेली, दात वाजत असलेली, आपल्या अस्बासारखीच हनुवटी असलेली बाई.

घरी येऊन सांगितलं, "डोळे मिटूनच काढलं." सगळ्यांनी वाहवा केली.

मग दोनेक वर्षांपूर्वी त्याची नजर कडेनं वाळायला लागली, उघड्यावर राहिलेल्या भाकरीसारखी. मधलं दिसायचं, बाजूचं नाही. कॉफीच्या भांड्याला पाय लागून ते कलंडलं, तेव्हा कीदा खदखदून हसला.

"काय दाजी, सासूला बघितलंत वाटतं!"

कुणी ठेचकाळलं की त्यांच्याकडं हा विनोद ठरलेलाच. सगळे हसले. हॉस्कीही हसला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं त्याच्या मनातही आलं नाही. डॉक्टर काय करणार? केलं ते आपण केलं. आणि बोलून दाखवावं, तर म्हातारीला कळणार की तिच्या जिवासाठी जावयाचे डोळे गेले. नव्वदीच्या बाईच्या उरावर हे कशाला ठेवायचं? तो गप्प बसला. वाऱ्यातला ओल्या मातीचा वास, मेंढरांचं एकाएकी गोळा होणं, मान वळवूनवळवून बघणं, यावर त्यानं दोन पावसाळे काढले.

श्रावणातलीच म्हणायची ती दुपार. वाट चुकलेली एक पाहुणी ट्रकपाशी गाडी थांबवून उतरली. लाल टोपी, हातात नकाशा. घळीचा रस्ता विचारला, मग डावीकडं बघून म्हणाली, "आजोबा, तिकडं एवढं काळं काय आहे?"

"डोंगर आहे तो."

"डोंगरात वीज कशी चमकते मग?"

हॉस्कीनं मान वळवली. मधलंही आता अंधुक व्हायला लागलं होतं; त्याला नुसतं धुकं दिसलं. त्यानं वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "डेलोरा, काढ! सगळ्यांना काढ!"

अकरा माणसं निघाली. शेवटचा बूट बाहेर पडला आणि पाव तासात घळ काठापर्यंत भरून वाहायला लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डेलोरा वर आली आणि बापाच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघत राहिली.

"बा, किती बोटं?"

"हात कुठंय ते आधी सांग."

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. "दोन वर्षं आधी आला असतात, तर थेंबांवर भागलं असतं. गेलेली नजर परत येत नाही, बाबा. राहिलीय तीही फार टिकायची नाही." रागावून म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फार हळू बोलल्या.

हिवाळा येईतो मधलंही गेलं. खडकावर आता कीदा बसतो. येताजाता हॉस्की विचारतो, "ढग?" कीदा म्हणतो, "नाहीत, दाजी." विनोद करायचं त्यानं सोडलंय, आणि तेच हॉस्कीला जास्त लागतं.

एका सकाळी अस्बा रांधत होती आणि तो चुलीपाशी बसला होता. दारात घुंगरू वाजले. हॉस्कीनं घाईनं उठून मागचं दार चाचपलं. हाताला भिंतच लागत राहिली. शेवटी तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

म्हातारी आत येऊन बसली. नव्वदीची, पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवायची. ती अस्बाला म्हणाली, "अस्बा, तुझ्या नवऱ्याला सांग, त्या दिवशी त्याचे डोळे उघडे होते."

अस्बाच्या हातातला पळा थांबला.

"सांग त्याला, मला ठाऊक आहे. कारण माझेही उघडे होते. चांगलं निरखून बघितलं मी, कोण वाचवतंय ते. माझ्या डोळ्यांना तर काही झालं नाही. असलं काही मनात होतं, तर विचारायचं होतं त्यानं."



"तिला सांग," हॉस्की भिंतीलाच म्हणाला, "विचारणार कसा? बोलायचं नसतं ना."

म्हातारी उठली. घुंगरू वाजत वाजत अगदी त्याच्या शेजारून गेले, आणि हॉस्कीनं डोळे गच्च मिटून घेतले.