रॅम्प आहे : हो

“मॅडम, रॅम्प आहे का, एवढंच विचारलं आहे. तो कसा आहे, हे कोणी विचारलं तुम्हाले?”

गटशिक्षणाधिकारी साहेब, म्हणजे तालुक्यातल्या सरकारी शाळांचे मुख्य अधिकारी, टेबलावर बोट आपटत होते. मी त्यांच्या हाताखालची विस्तार अधिकारी. गावोगाव जाऊन शाळा किमान निकषांत बसते की नाही ते तपासायचं, हे माझं काम. पिण्याचं पाणी, मुलींसाठी वेगळं शौचालय, पुरेशा वर्गखोल्या, दिव्यांग मुलांसाठी रॅम्प. प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या सिरोंचा तालुक्यात सगळीकडे ‘हो’ झालं होतं. फक्त एका शाळेच्या रॅम्पपुढे मी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि साहेब तर तालुका शंभर टक्के झाल्याचं वरती सांगून मोकळे झाले होते.

“साहेब, त्या रॅम्पवरून माकड चढलं तरी घसरते.”

“मग माकडांचं विचारतील तवा ‘नाही’ लिहा. आता पोरांचं विचारलं आहे.”

समोरचे दोन बाबू हसले. माझं डोकं तिथंच सटकलं. मी वरोऱ्याची. आमच्या घरात सगळ्यांचेच आवाज मोठे, नोकरीत मी माझा कष्टानं लहान करून घेतला होता. त्या दिवशी तो आपोआप मोठा झाला. बाबूंनी पटकन फायलीत तोंड घातलं.

आता तो रॅम्प काय होता ते सांगते.

शाळा प्राणहिता नदीकाठच्या गावात. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी गावात शिरतं, म्हणून शाळेचं जोतं उंच बांधलेलं. जोतं म्हणजे जमिनीपासून खोलीच्या फरशीपर्यंतची उंची. ते शहाणपणाचंच काम होतं. पण रॅम्प आला तो टाइप प्लॅनमधून. टाइप प्लॅन म्हणजे सगळीकडे चालावा म्हणून काढलेला एकच नकाशा. त्यात जोतं दीड फुटाचं धरलेलं. रॅम्पचा साधा नियम असा, की एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांब उतार हवा. इथं जोतं माणसाच्या छातीपर्यंत, आणि उताराची लांबी मात्र दीड फुटाच्या हिशेबाची. बाजूला अख्खं मैदान मोकळं पडलं होतं, पण नकाशात नाही म्हणून कोणी हातभर पुढे सरकलं नाही. पोरं त्यावर घसरगुंडी खेळायची. गावातल्या बायका मिरच्या वाळवायच्या. ऊन छान लागतं म्हणे.

त्या शाळेत रजिता होती. सहावीत. जन्मापासून पायांत जोर नाही. बाप पहाटेच जाळं घेऊन नदीवर जायचा, म्हणून आई, पोसक्का, तिला चाकाच्या खुर्चीवरून शाळेत आणायची. खुर्ची पायऱ्यांपाशी ठेवायची आणि मुलीला काखेत धरून वर न्यायची. मधल्या सुट्टीत परत यायची, कारण शौचालय खाली. मग पुन्हा वर. मुलगी लहान होती तोवर हे चाललं. मी तपासणीला गेले तेव्हा पोसक्का शेवटच्या पायरीवर बसून धापा टाकत होती.

“मॅडम, ही वाढून राह्यली, मी झिजून राह्यली,” ती म्हणाली. “पुढच्या साली नाई जमत. मग राहील घरीच.”

रजिता तिथंच होती. आईच्या तोंडाकडे बघत होती. गणितात ती वर्गात पहिली, हे दुर्गम आडनावाच्या गुरुजींनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापकांनी, मला नंतर सांगितलं. पण पहिली नसती तरी काय? ढ पोराला शाळेत चढायचा हक्क नसतो का?

माझ्या ‘नाही’ला एवढं महत्त्व का, तेही समजून घ्या. एकदा ‘हो’ लागलं की काम पूर्ण झालं. पूर्ण झालेल्या कामाला पुन्हा निधी मिळत नाही, दुरुस्तीलाही नाही. म्हणजे माझी सही ‘हो’वर पडली असती तर रजिताची शाळा मीच बंद केली असती.

मी सही केली नाही. साहेबांनी वाद वाढवला नाही, माझ्याकडून ते केंद्रच, म्हणजे त्या भागातल्या शाळांचा गटच, काढून घेतलं. दुसऱ्या एका प्रभारी माणसानं ऑफिसात बसल्याबसल्या ‘हो’ लिहिलं. तालुका शंभर टक्के झाला. कार्यालयात पेढे वाटले. माझ्याही टेबलावर एक ठेवला होता. मी तो शिपायाला दिला, आणि घरी जाऊन रागाच्या भरात नेहमीपेक्षा जास्त जेवले. राग आला की लोकांची भूक जाते, माझी वाढते.

दुर्गम गुरुजी तसे भित्रे. साहेबाचा फोन आला तरी खुर्चीतून उठून उभे राहणारे. पण त्यांनी एक केलं. सहावीचा वर्ग खाली आणला, पोषण आहार शिजतो त्या शेडच्या पडवीत. फळा दोऱ्यानं खांबाला बांधला. रजिता खुर्चीवरून थेट वर्गात. पोसक्का धुणं उरकून दुपारी यायला लागली. गुरुजींनी हे कोणाला कळवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मग जिल्ह्यावरून अचानक पथक आलं. त्यांनी पडवीतला वर्ग पाहिला आणि नोटीस काढली. वर्गखोल्या असताना विद्यार्थ्यांना उघड्यावर बसवून किमान निकषांचा भंग केला, तीन दिवसांत खुलासा द्या. बघा आता. ज्या रॅम्पवरून पोरगी वर जाऊ शकत नाही तो निकषात बसला, आणि तिला शिकवणारा मास्तर निकषाबाहेर.

गुरुजी तालुक्याला आले तेव्हा चेहरा उतरलेला. साहेबांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला. आपल्या शंभर टक्क्यांना नख लागेल हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

“लिहा, वर खोलीतला पंखा बंद होता. मुलांना उकडत होतं.”

“साहेब, पंखा तर चालू आहे.”

“काऊन घोळ करून राह्यले गुरुजी? तुमच्याच भल्याचं सांगून राह्यलो.”

मी शेजारच्या टेबलावर होते. ते केंद्र माझं नव्हतं, बोलायचं काही कारण नव्हतं. मी उठले.

“गुरुजी, खरं लिहा. शाळेतली एक मुलगी रॅम्पवरून वर जाऊ शकत नाही, म्हणून वर्ग खाली आणला. आणि शेवटी लिहा, की तिला खोलीत कसं न्यायचं ते पथकानं येऊन दाखवावं.”

“मॅडम, तुमचं हे केंद्र नाही,” साहेब म्हणाले.

“पोरगी कोणाची आहे ते सांगा, तिच्या केंद्रात जाते मी.”

गुरुजींनी एकदा साहेबांकडे पाहिलं. तरी त्यांनी तसंच लिहिलं. त्या दिवशी मी त्या माणसाला मनातून नमस्कार केला.

पथक नाही आलं. खुलासा वाचून जिल्ह्यानं बांधकामाचा इंजिनिअर पाठवला, तो आला नकाशाची गुंडाळी घेऊन. साहेब आले, मीही गेले. इंजिनिअरनं टेप लावला आणि खूष झाला.

“टाइप प्लॅनप्रमाणे आहे. मापात एक इंच फरक नाही.”

“प्लॅनमध्ये जोतं किती?” मी विचारलं.

“दीड फूट.”

“आणि हे?”

त्यानं भिंतीकडे पाहिलं. फरशी त्याच्या शर्टाच्या खिशाला लागत होती. “ते आमच्या कामात येत नाही, मॅडम. जोतं दुसऱ्या वर्षीचं काम आहे.”

साहेब म्हणाले, “जोर लावला तर जाते खुर्ची. मुलीला बसवा, दाखवतो.”

“पोरीले नाई बसवत,” पोसक्का म्हणाली. ती पोरीची खुर्ची धरून उभी होती. तिनं वाळत घातलेल्या मिरच्या पोत्यात भरल्या आणि पोतं खुर्चीत ठेवलं. “हे न्या. हे पडलं तर रडत नाई.”

इंजिनिअरनं जोर लावला. मध्यावर खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली, त्याचा बूट घसरला, पोतं, खुर्ची आणि तो, तिघं खाली आले. मिरच्या साहेबांच्या पायांपर्यंत गेल्या. कोणी हसलं नाही. इंजिनिअर ठसकत डोळे चोळत उठला, आणि त्यानं उलटलेली खुर्ची सरळ उभी केली. नंतर त्यानं मैदानाकडे पाहिलं आणि टेप पुन्हा उघडला. या वेळी लांब.

नवा रॅम्प झाला, कागदावर जुन्याची दुरुस्ती म्हणून नाही, वेगळं नवीन काम म्हणून. मैदानाच्या कडेनं जाऊन वळणारा, मध्ये दम खायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना पाइप. रजिता पहिल्या दिवशी त्यावरून निघाली तेव्हा पोसक्कानं मागून हात लावला. “वद्दम्मा,” रजिता तेलुगूत म्हणाली, नको ग आई. सपाट जागेवर थांबली, हात झटकले, आणि एकटी वर गेली. मी तिथंच रडले, कशाला लपवू.

पण राग काही गेला नाही, कारण जुन्या ‘हो’चं काय झालं ते ऐका. तो चुकीचा होता असं कोणी लिहिलं नाही. शाळेकडे आता दोन रॅम्प झाले, म्हणजे निकषांपेक्षा जास्त. त्याबद्दल साहेबांचा जिल्ह्यात सत्कार झाला. गुरुजींची नोटीस मात्र त्यांच्या सेवापुस्तकात तशीच राहिली.

या सगळ्यातून मी एकच शिकले. सोय ज्याच्यासाठी केली त्याला आधी ती वापरू द्यावी, तोवर पेनाचं टोपण काढू नये. नव्या अधिकाऱ्यांना हे सांगते तेव्हा ते मान डोलावतात आणि मोबाइलमध्ये ‘हो’ दाबतात.

मी निवृत्त झाले. रजिता सातवी पास होऊन पुढे हायस्कूलला गेली. पहिल्याच आठवड्यात पोसक्काचा फोन आला. मी गाडी करून गेले. हायस्कूलचं जोतं छातीएवढं, आणि पुढे तोच आखूड उतार. तोच नकाशा, नवीन सिमेंट. पोसक्का पायरीवर बसली होती.

मी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला.

“मॅडम, तुम्ही तर रिटायर झाल्या ना?” तो म्हणाला.

“मी झाले. रजिता आठवीत आहे.”